कचऱ्याच्या गाडीचा मोडलेला हात

सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ठरावीक आवाज होतो. आधी गाडी मागे घेतानाची पिपाणी, मग लोखंडावर लोखंड बसल्याचा ‘खण्ण’ असा आवाज आणि पाठोपाठ कचऱ्याचा मोठा डबा वर चढतानाची घरघर. आमच्या घरी घड्याळ न बघताच हाक मारतात, “कचऱ्याची गाडी आली, उठा आता!” गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस हा आवाज एकाएकी बंद झाला.

गाडी येत होती. पण तिच्या पाठीमागचे डबा उचलणारे लोखंडी हात गायब होते. बदली गाडी नसल्यामुळे ते काढून गाडी तशीच कामाला जुंपली होती. मग चार माणसे डब्यातला कचरा फावड्याने ओढून बुट्टीत भरायची आणि बुट्टी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून गाडीत रिकामी करायची. त्यातच वळवाचे दोन पाऊस झाले. डबा भरून वाहू लागला, मोकाट गुरे जमली, नाक धरल्याशिवाय कोपरा ओलांडता येईना. गल्लीतले आम्ही सुशिक्षित लोक कट्ट्यावर बसून ‘कामचुकार लोक’ या विषयावर भरपूर बोललो. बोलणाऱ्यांत मीही होतो.

पाचव्या दिवशी त्या कामगारांतील एक मावशी आमच्या दारात आल्या. तळहातावर फडके गुंडाळलेले, त्यातून रक्त येत होते. “बाई, जरा हळद द्या हो,” असे त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या. कचरा हाताने चिवडताना फुटक्या बाटलीची काच लागली होती. हळदीवर भागणारी जखम नव्हती. पत्नीने त्यांना दवाखान्यात नेले, टाके पडले. डबा यंत्राने उचलला गेला असता तर ती काच त्यांच्या हाताला लागलीच नसती.

उद्यमबागेतली भेट

त्याच आठवड्यात कॉलेजच्या वार्षिकांकासाठी जाहिराती मागत मी उद्यमबागेत गेलो होतो. वाचकांना ठाऊकच आहे, आपल्या बेळगावची उद्यमबाग आणि मच्छे परिसर फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कामासाठी देशभर ओळखला जातो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप चालवतो. मराठीत जेमतेम पास झालेला हा मुलगा, पण हातात पाना आला की मोठा कलावंत.

“या की सर, बसा. चहा सांगतो,” म्हणत त्याने स्टूल पुसले. समोर एक भलेमोठे लोखंडी धूड पडले होते. दोन जाडजूड हात, त्यातला एक पिळवटलेला.

“हे काय रे?”

“कचऱ्याच्या गाडीचा लिफ्टर, सर. तुमच्याच भागातली गाडी आहे. आर्म वाकलाय, बुडातलं वेल्डिंग उघडलंय. कुणीतरी डब्यात घर पाडल्याचा मलबा घातला असणार. हे बघा की, तुकडा अजून अडकलाय.”

हात आणि चौकटीच्या फटीत फरशीचा एक तुकडा रुतून बसला होता. फिकट हिरवा, त्यावर पांढरे ठिपके. तो मी लगेच ओळखला. वडिलांनी घर बांधले तेव्हा न्हाणीघरात बसवलेली ती फरशी. मे महिन्यात आम्ही न्हाणीघर नवीन केले होते. “राडारोड्याचं काय करणार?” असे मी गवंड्याला विचारले होते. “ते आम्ही बघतो सर, तुम्ही काळजी करू नका,” असे तो म्हणाला होता आणि मी खरेच काळजी केली नव्हती. त्याच्या माणसांनी रात्री घमेल्यांनी तो सगळा माल कोपऱ्यावरच्या डब्यात ओतला होता. कट्ट्यावर बसून ज्या कामचुकारांबद्दल मी बोललो, त्यांच्या यादीत पहिले नाव माझेच घालायला हवे होते.

विद्यार्थ्याला मी ते सांगितले. तो हसला नाही. “सर, एकट्या तुमच्या फरशीनं नाही मोडलेला हा. खरं, शेवटचा दणका तिचाच,” एवढेच म्हणाला. मग पुढचा तासभर तो शिक्षक झाला आणि मी विद्यार्थी.

डबा उचलतो कसा?

कचरा दाबून भरणाऱ्या गाडीला कॉम्पॅक्टर म्हणतात. गाडीच्या इंजिनावर एक तेलाचा पंप चालतो. दाबाखालचे तेल दोन सिलिंडरांत शिरते, दांडे बाहेर सरकतात आणि लिफ्टरचे हात वर जातात. मोठ्या चारचाकी डब्याला दोन्ही बाजूंना कानासारख्या खुंट्या असतात. त्या हातांच्या खोबणीत बसल्या की डबा उचलून उलटा होतो. लहान डब्यांना पुढच्या कडेला पकड असते आणि गाडीवरची फणी त्या कडेखाली शिरते. या तेलाचा दाब दीडशे-दोनशे बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या तो साठपटीहून अधिक असतो.

कचऱ्यासाठी ठरावीक डबा ही कल्पना काही फार जुनी नाही. पॅरिसमध्ये पुबेल नावाच्या प्रशासकाने १८८४ साली प्रत्येक इमारतीला झाकणाचे डबे सक्तीचे केले. लोकांनी चिडून डब्यालाच त्याचे नाव दिले आणि फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही ‘पुबेल’च म्हणतात. यंत्राने उचलायचा मोठा डबा अमेरिकेतील नॉक्सव्हिल गावच्या डेम्पस्टर बंधूंनी १९३५ च्या सुमारास आणला. ‘डम्पस्टर’ हा शब्द त्यांच्याच आडनावावरून आला. माणसाच्या पाठीवरचे ओझे यंत्राच्या हातावर जावे, यासाठीच हे यंत्र आहे. तो हात मोडला की ओझे पुन्हा माणसाच्या पाठीवर येते.

वजनाचे साधे गणित

आपल्याकडे सर्वत्र दिसणारा मोठा डबा ११०० लिटरचा असतो. युरोपात या डब्यांसाठी जे प्रमाण ठरवले आहे, त्यानुसार लिटरमागे ०.४ किलो, म्हणजे डब्यात ४४० किलो कचरा धरला जातो. तिकडच्या कचऱ्यात कागद, खोकी, वेष्टने जास्त, त्यामुळे तो हलका असतो. आपल्याकडे भाजीचे देठ, नारळाच्या करवंट्या, उष्टे अन्न, माती असा ओला माल असतो. तो घनमीटरला चारशे-पाचशे किलो सहज भरतो. म्हणजे नुसत्या घरगुती कचऱ्यानेच आपला डबा काठोकाठ भरला, तर तो मर्यादेला टेकतो किंवा ती ओलांडतो.

आता त्यात राडारोडा घाला. विटा-फरशीचा चुरा घनमीटरला बाराशे किलोच्या घरात किंवा त्याहून जास्त जातो. अर्धाच डबा भरला तरी साडेसहाशे किलो झाले! आणि वर दोन पिशव्या भाजीचा कचरा पडला की ड्रायव्हरला आत काय आहे ते दिसतही नाही.

पावसाचे पाणी हा दुसरा छुपा शत्रू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. झाकण उघडे राहिले आणि बुडाचे भोक चिखलाने बुजले, की बेळगावच्या जुलैत डब्यात दीड-दोनशे लिटर पाणी साठायला वेळ लागत नाही. ते ओझे कचऱ्यावर फुकटचे. शिवाय डबा वर जाताना आतले पाणी एका बाजूला धावते आणि हात पिळतो.

“मग जास्त वजन असेल तर यंत्रानं उचलूच नये ना?” मी विचारले.

“बरोबर बोलला सर. त्यासाठीच प्रेशरचा व्हॉल्व्ह असतोय. ठरलेल्या दाबाच्या वर तेल परत टाकीत जातं, डबा हलतच नाही. खरं, कुणीतरी तो व्हॉल्व्ह आवळून ठेवला होता. डबा उचलत नाही म्हटल्यावर आवळला असणार. मग तेलाची ताकद वाढली, लोखंडाची कुठं वाढली?”

मोडण्याआधीची मोडतोड

हात एका दिवसात मोडत नाही, हे त्या तासाभरात मला कळले. त्याने वेल्डिंगची तुटलेली कड दाखवली. अर्ध्याहून जास्त भाग गंजून काळा पडलेला, उरलेला ताजा चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक आठवडे हळूहळू वाढत होती, पाणी पीत होती. माझ्या फरशीने फक्त उरलेला चकचकीत भाग तोडला.

ती चीर पडते कशी? पहिले कारण म्हणजे आपटणे. ओला कचरा डब्याच्या बुडाला चिकटतो. तो सुटावा म्हणून डबा वर नेऊन चार-पाच वेळा दणादण आपटतात. आपण सकाळी ऐकतो तो धाडधाड आवाज हाच. प्रत्येक दणका सांध्यांवर बसतो.

दुसरे कारण वाकडी पकड. डब्यासमोर कुणाची तरी स्कूटर किंवा मोटार उभी असते. ड्रायव्हर गाडी तिरकी लावतो. एक खुंटी खोबणीत नीट बसते, दुसरी नुसती टेकते. मग दोघांचे ओझे एकट्या हातावर येते. डब्याची चाके मोडली असतील किंवा वाकलेल्या खुंटीवर कुणी भलत्याच मापाचा तुकडा जोडला असेल, तरी हेच होते. “डबा दुरुस्त केला नाही तर गाडी दुरुस्त करावी लागते,” हे त्याचे वाक्य मी वहीत लिहून घेतले.

तिसरे कारण लिफ्टर पूर्ण न मिटता गाडी पळवणे. गतिरोधकावर मागे लोंबणारे हात आदळतात, गाडी मागे घेताना भिंतीला घासतात. पुढचा डबा पन्नास पावलांवर आहे, कशाला मिटायचे, हा आळस त्यामागे असतो.

चौथे कारण कचऱ्याचे पाणी. ते आंबट असते, लोखंड खाते, सांध्यातले ग्रीस धुऊन नेते. त्यात वाळूचे कण मिसळले की पिन आणि बुश एकमेकांना झिजवतात. सांधा ढिला झाला की हात डुलतो, आणि डुलणारा हात डबा सरळ उचलत नाही.

पाचवे कारण घाण तेल. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. सिलिंडर-व्हॉल्व्हचे नुकसान करणारे कण त्याहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारे. म्हणून दहा मायक्रॉनच्या आसपासचे फिल्टर लावतात आणि ते वेळेवर बदलायचे असतात. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले असे समजावे. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला, तरी तो सील फाडतो आणि गळती सुरू होते.

आणि सहावे कारण आग. थंडीत शेकोटीचा निखारा, हॉटेलच्या चुलीची गरम राख डब्यात जाते, कधी मुद्दाम काडीही लावली जाते. प्लॅस्टिकचा डबा वितळून वेडावाकडा होतो. धुमसता कचरा गाडीत गेला, तर तेलाच्या रबरी नळ्या जळतात आणि गाडीच पेट घेऊ शकते.

सकाळची दहा मिनिटे

हे सगळे टाळायला काही मोठे शास्त्र लागत नाही. माझ्या विद्यार्थ्याने त्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहून दिल्या. लेखन तपासायचे काम मात्र माझ्याकडे आले. त्या अशा:

सकाळी गाडी सुरू करण्याआधी लिफ्टरभोवती एक फेरी मारा. सांध्यांच्या वेल्डिंगवर गंजाची बारीक रेघ दिसते का, पिनांच्या खिळी जागेवर आहेत का, नळ्या कुठे घासतात का, खाली तेलाचा डाग आहे का, ते बघा. मग रिकामा लिफ्टर एकदा पूर्ण वर-खाली करा. दोन्ही हात एकसारखे चालले पाहिजेत.

डबा सरळ समोर ओढून घ्या, दोन्ही खुंट्या बसल्याची खात्री करा. आधी फक्त वीतभर उचला आणि थांबा. डबा कलला, इंजिन दमले किंवा हात थरथरला, तर खाली ठेवा. आत काय आहे ते बघा आणि कळवा. व्हॉल्व्ह आवळू नका.

कचरा चिकटला तर आपटू नका. डबा खाली घेऊन लांब दांड्याच्या खोऱ्याने मोकळा करा. लिफ्टर मिटल्याशिवाय गाडी हलवू नका. काम संपल्यावर पाण्याने धुवा, धुतल्यावर ग्रीस द्या. झालेला बिघाड वहीत तारखेनिशी लिहा.

शेवटच्या दोन सूचना त्याने लाल रंगात लिहिल्या होत्या. एक, उचललेल्या डब्याखाली आणि गाडीच्या उघड्या मागच्या झाकणाखाली कुणीही जायचे नाही. दुरुस्तीसाठी जायचेच असेल तर आधी आधाराची दांडी लावायची, नुसत्या तेलाच्या भरवशावर राहायचे नाही. दोन, गळती शोधायला हात लावायचा नाही. सुईएवढ्या छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधावी, दुरुस्तीआधी गाडी बंद करून दाब सोडावा आणि धार लागलीच तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

आणि आपण?

काही वाचक म्हणतील, हे डबेच कशाला हवेत? मध्य प्रदेशातील इंदूरने रस्त्यावरचे डबे हटवले, दारोदार गाडी नेली आणि २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळवला. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेल्या त्या शहराचा अभिमान आपल्यालाही आहेच. पण भाजी मार्केट, मंगल कार्यालये, हॉटेले, मोठ्या वसाहती यांना मोठा डबा लागतोच. आणि दारात येणाऱ्या घंटागाडीचा हौदादेखील तेलाच्याच जोरावर उलटतो. तिच्यात विटा टाकल्या तर तिचेही तेच होणार.

बांधकाम-पाडकामाचा कचरा घरच्या कचऱ्यात मिसळू नये, यासाठी केंद्र सरकारने २०१६ सालीच वेगळे नियम केले. ते मी त्या तासाभरानंतर प्रथमच शोधून वाचले. घर दुरुस्तीला काढताना सिमेंटचा, रंगाचा, नळाच्या तोटीचा भाव आपण दहा ठिकाणी विचारतो. राडारोडा कुठे जाणार, हे एका ठिकाणीही विचारत नाही. गवंड्याशी बोलणी करतानाच ट्रॅक्टरचे भाडे ठरवावे आणि माल नेमून दिलेल्या जागी गेल्याची खात्री स्वतः करावी. डब्याचे झाकण लावावे. काच कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून वेगळी द्यावी. राख पूर्ण विझवून, गार करून टाकावी. आणि डब्यासमोर गाडी लावू नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. कचऱ्याची गाडी नेमकी त्याच पाच मिनिटांत येते.

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. उकिरडा उपसणाऱ्यांची दैना फिटायला किती वर्षे लागणार, याचा हिशोब मात्र म्हणीत नाही.

लिफ्टर दुरुस्त होऊन बसला त्या दिवशी मी मुद्दाम सातलाच कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरमामांना सांगितले, “मामा, त्या दिवशीचा मलबा माझ्या घरचा होता. दुरुस्तीत माझा वाटा मला द्यायचा आहे.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितले. “पैशाचं तुमचं तुम्ही मालकाशी बोला सर. टाकणारे लई असतात, सांगायला कोण येत नाही. जरा ती तुमची स्कूटर तेवढी बाजूला घ्या. डबा सरळ लागत नाही.”

स्कूटर माझीच होती. मी ती मुकाट्याने बाजूला घेतली. मामांनी डबा वीतभर उचलला, थांबले, दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि मग वर नेला. मावशी चार पावले मागे उभ्या होत्या. हाताचे टाके निघाले होते, पण मूठ अजून पुरती मिटत नव्हती. त्यांनी विचारले, “बाई बऱ्या आहेत न्हवं?”

मी “हो” म्हणालो. त्यांच्या हाताबद्दल विचारायचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. ते दुसऱ्या दिवशी विचारले.